शेंडा वाळतोय, पण दुखणं गट्टूखाली

प्रश्न : दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात (जमीन आणि भूजल खारट असलेल्या पट्ट्यात) आमचं गाव. घरासमोर वडिलांनी लावलेला कडुनिंब आहे. वय पस्तीस-चाळीस वर्षं, घेर पाच फूट. दोन वर्षांपूर्वी गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, नाली झाली आणि रस्त्यापासून आमच्या ओट्यापर्यंत गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसले, अगदी बुंध्याला चिकटून. गेल्या दिवाळीपासून शेंड्याच्या फांद्या वाळत आहेत, पानं बारीक आणि पिवळसर येतात. खोडातून डिंक गळतो, एका अंगानं उधईनं (वाळवीनं) माती चढवली आहे. कोणी म्हणतं रॉकेल ओता, कोणी म्हणतं युरिया द्या. भाऊबंद म्हणतात, मृगाच्या वावधनात (वादळवाऱ्यात) टिनांवर पडण्याआधी तोडून मोकळे व्हा. झाड वाचेल का? दुसरं असं की, शाळेत दरवर्षी पंचवीस-तीस रोपं लावतो, पुढच्या उन्हाळ्यात दोन-चार उरतात. बोअरचं पाणी मचूळ आहे. काय चुकतं?

उत्तर : नमस्कार भाऊ,

झाड बहुधा वाचेल. तोडायची घाई करू नका, आणि रॉकेल, डिझेल, जळकं ऑइल, मीठ, युरिया यांतलं काहीही बुडाशी ओतू नका. रॉकेल-डिझेलनं बारीक मुळ्या जागेवर मरतात. युरियानं कोवळी पालवी फुटते खरी, पण ती पोसायला मुळ्याच शाबूत नसतील तर शेंडा आणखी खाली वाळत येतो. तुम्ही कळवलेली लक्षणं सगळी जमिनीच्या वरची आहेत. कारण मात्र तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे : गट्टू बुंध्याला चिकटून बसले.

कडुनिंबाचं सोटमूळ खोल जातं, पण पाणी आणि अन्न ओढणाऱ्या बहुतेक बारीक मुळ्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. या मुळ्यांना पाण्याइतकीच हवा लागते. गट्टूंखाली साधारण दोन इंच चुरी, तिच्याखाली दाबलेला मुरूम, काही ठिकाणी काँक्रीटचा पातळ थरही असतो. रोलर फिरला की मातीतल्या हवेच्या पोकळ्या बसतात. पावसाचं पाणी झाडाकडे न मुरता सरळ नालीत जातं. सिमेंटचा चुना हळूहळू खाली झिरपतो. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास, तो आणखी चढला की मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. पान पिवळं आणि शिरा हिरव्या, असं कोवळ्या पानांवर दिसत असेल तर ते हेच. त्यात नाली खोदताना त्या बाजूची मुळं तुटली असणार. मूळ तुटल्याचा परिणाम त्याच वर्षी दिसत नाही. मोठं झाड खोडातल्या साठ्यावर एक-दोन पावसाळे काढतं आणि मग शेंड्यापासून आवरतं घेतं. तुमचा दोन वर्षांचा हिशेब त्यात बरोबर बसतो.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासा. सध्या फाल्गुन आहे, आणि फाल्गुनात कडुनिंब उघडा पडतोच. उघडी फांदी म्हणजे मेलेली फांदी नव्हे. वेगवेगळ्या उंचीच्या फांद्यांची साल नखानं जराशी खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर मेली. पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा, तोवर नवी पालवी कुठे आली आणि कुठे नाही हे उघड होईल. दुसरं, धुऱ्यांवरचे (शेताच्या बांधांवरचे) कडुनिंब पाहा. फोमॉप्सिस नावाच्या बुरशीनं कडुनिंबाचे शेंडे पावसाळ्याच्या अखेरीस करपू लागतात आणि दिवाळीपर्यंत झाड भाजल्यासारखं दिसतं. हा रोग असेल तर गावातले बरेच कडुनिंब एकाच वेळी, चहूबाजूंनी, टोकांना तांबूस दिसतात, आणि त्यांतले बहुतेक उन्हाळ्यात पुन्हा फुटतात. धुऱ्यावरची झाडं ठणठणीत आणि तुमचंच वाळतंय, तेही नालीच्या नाहीतर गट्टूंच्या अंगानं जास्त, तर बुरशीचा विचार सोडा. बुरशी असली तरी चाळीस फुटी झाडावर घराशेजारी औषध फवारणं ना परवडतं, ना शेजाऱ्यांना सोसतं. त्या वेळीही वाळके शेंडे कापून जाळणं आणि मुळांची काळजी घेणं हाच खरा उपाय.

आता भाऊबंदांच्या भीतीबद्दल. ती फुकाची नाही, म्हणून ती आधी मिटवा. बुंध्याभोवती फिरून पाहा. झाड ज्या बाजूला झुकलंय तिच्या उलट बाजूला जमीन उचलली गेली आहे का, किंवा गट्टू वर आले आहेत का? काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, त्यांना घाबरू नका. बुंध्याला वळसा घालून गेलेली कमानीसारखी नवी भेग मात्र वाईट. बुडाशी किंवा मुळांवर लाकडासारखी कडक, अर्धगोल छत्री उगवली असेल तर आतलं लाकूड कुजतंय असं समजा. लाकडी हातोड्यानं खोड सगळीकडून ठोकून पाहा, पोकळ जागी आवाज बदलतो. ढोल असेल तर तिथून तार घालून खोली मोजा. जाणकार ढोबळ नियम असा लावतात की, खोडाच्या अर्ध्या जाडीच्या निदान एक तृतीयांश इतकी निरोगी लाकडाची भिंत चहूबाजूंनी उरलेली हवी. तुमच्या पाच फूट घेराच्या खोडाची जाडी साधारण ४८ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी २४. भिंत ८ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर धोका धरा. नालीच्या बाजूला एखाद-दोन ठिकाणी हातानं उकरून तुटलेल्या मुळांची टोकंही पाहा. मनगटाएवढी तीन-चार मुळं खोडापासून हातभर अंतरावर तुटली असतील आणि झाड टिनांकडेच झुकलं असेल, तर पावसाळ्याआधी त्या बाजूच्या फांद्यांचा भार माणूस लावून कमी करावा लागेल. यांतलं काहीच नसेल तर नुसत्या वाळक्या शेंड्यांमुळे झाड उन्मळत नाही. वाळक्या फांद्या तेवढ्या पडतात, आणि त्या आधीच उतरवता येतात.

खरा इलाज गट्टू काढण्याचा. जागा रस्त्याची असेल तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकांच्या) नावे लेखी अर्ज द्या आणि मासिक सभेत ठराव घ्यायला लावा. यात खर्च फारसा नाही, कारण गट्टू उचलून दुसरीकडे लावता येतात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, हा दाखला अर्जात लिहायला हरकत नाही. एक मीटर ही कमीत कमी जागा. तुमच्या झाडाला आम्ही सव्वा मीटर सुचवू.

बुंध्याच्या सालीपासून सव्वा मीटरची दोरी धरून खडूनं गोल आखा. गट्टू सब्बलनं एकेक उचला, जेसीबी बोलावू नका. गल्लीत जेसीबी आला की त्याच्या एका फटकाऱ्यात वर्षभराचं नुकसान होतं, शिवाय चाकांखाली माती दाबली जाते ती वेगळीच. खालची चुरी आणि मुरूम घमेल्यानं बाहेर काढा. काँक्रीट लागलं तर छिन्नी-हातोडीनं तुकडे करून उचला, मातीपर्यंत घण घालू नका. मूळची काळी माती दिसली की थांबा. त्याखाली खणायचं नाही, कुदळीनं भुसभुशीतही करायचं नाही, कारण उरलेल्या बारीक मुळ्या तिथेच आहेत. चुरीत वर आलेल्या मुळ्या दिसल्या तर त्या कापू नका, मातीनं झाकून टाका.

बुंधा जमिनीत शिरतो तिथे तो जरा फुगीर होऊन मुळांत फाटतो. तो फुगवटा उघडा राहिला पाहिजे. खांबासारखा सरळ बुंधा जमिनीत जाताना दिसत असेल तर रस्त्याच्या कामात भराव पडला असं समजा आणि फुगवटा दिसेपर्यंत हातानं माती काढा. गावोगावी वड-पिंपळांना पार बांधताना हीच चूक होते. ओटा दोन-तीन फूट उंच करून आत भर घालतात, साल ओली राहून कुजते आणि पाच-सात वर्षांनी झाड गेलं की गावाला कारण कळत नाही. पार बांधायचाच असेल तर भिंत बाहेर बांधा, आत माती भरू नका.

सव्वा मीटरच्या पुढे, फांद्यांच्या सावलीखाली जिथे गट्टू ठेवावेच लागतील, तिथे दर अडीच फुटांवर एक गट्टू काढून सब्बलनं दोन इंच रुंद आणि दीड फूट खोल भोक पाडा. आधी नळाची पाइपलाइन आणि केबल कुठून गेली आहे ते विचारून घ्या. सब्बल मुळाला लागली तर वीतभर बाजूला सरका. भोकात निम्मं कुजलेलं शेणखत आणि निम्मी जाड रेती भरा. काढलेला गट्टू परत बसवायचा नाही, तिथे खडी टाका म्हणजे पाय अडखळणार नाही आणि पाणी आत जाईल. असे वीस-पंचवीस तोंडं उघडली तरी दबलेल्या मातीला पुष्कळ फरक पडतो. भोकं पाडायचं काम जमीन वाफशावर, म्हणजे ना फार ओली ना फार कोरडी, असताना करा. ओल्या काळ्या मातीत सब्बल घातली की भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी आतल्या आत अडतं.

मोकळ्या केलेल्या गोलात तीन-चार टोपली चांगलं कुजलेलं शेणखत पसरा आणि वर तीन इंच कुटाराचं किंवा पाल्याचं आच्छादन घाला. सोयाबीनचं, तुरीचं, कोणतंही कुटार चालतं. बुंध्यापासून मात्र वीतभर जागा मोकळी ठेवा. कडुनिंबाचा स्वतःचा पालाच उत्तम आच्छादन आहे. तो झाडून बुंध्याशी पेटवायची जी पद्धत आहे ती बंद करा. अर्ध्या तासाच्या धगीनं सालीखालचा जिवंत थर मरतो, आणि ते नंतर फाटलेल्या सालीवरून कळतं.

पाणी कधी आणि किती, हा तुमच्याकडे सगळ्यांत नाजूक भाग. पाच फूट घेराच्या त्रस्त झाडाला उन्हाळ्यात एका वेळी ५०० लिटर, म्हणजे २०० लिटरचे अडीच ड्रम, दर तीन आठवड्यांनी द्या. ते दोन दिवसांत विभागून, बुंध्यावर न ओतता गोलाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात आणि त्या भोकांत सोडा. रोज बादलीभर पाणी घातलं तर वरचं दोन बोटं भिजतं आणि उडून जातं. उलट काळ्या जमिनीत फार पाणी झालं तरी मुळं गुदमरतात, आणि कडुनिंबाला पाणथळ मुळीच सोसत नाही. म्हणून आधी फूटभर खोलवरची माती हातात घ्या. गोळा वळतो आणि बोटांना चिकटतो तर पाणी देऊ नका, गोळा फुटतो तर द्या.

बोअरचं पाणी मचूळ म्हणजे किती, हे टीडीएस मीटरनं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मोजून घ्या. आकडा हजार पीपीएमच्या आत असेल तर मोठ्या झाडाला चालेल. दीड-दोन हजारांच्या पुढे गेलं तर ते पाणी उन्हाळाभर देऊन तुम्ही बुडाशी मीठच साठवाल. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी या जमिनीत मुळीच सोडू नका. त्यातल्या सोडियमनं खारपाणपट्ट्यातली माती आणखी चोपण होते, म्हणजे वरून चिखल आणि खाली कोरडी ठणठणीत. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालेल. फिल्टर मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी नको, त्यात मूळच्या पाण्यातले क्षार दाटून आलेले असतात.

गोडं पाणी तुम्हाला मिळणार ते टिनांवरून. पाचशे चौरस फुटांच्या टिनांवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वाचारशे लिटरच्या आसपास पाणी हाती लागतं. पन्हाळ लावून ते पाणी झाडाच्या गोलात सोडा. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांत मुळांजवळचे क्षार धुऊन खाली जातात, आणि हे काम बोअरच्या पाण्यानं कधीच होणार नाही. पाणी दिवसभरापेक्षा जास्त तुंबू लागलं तर गोलाची कड एका बाजूनं फोडा. याच वेळी, मृगाचा पाऊस लागायच्या तोंडावर, जिप्सम टाका, म्हणजे मातीला चोपण करणारं सोडियम सुटून पावसाबरोबर खाली जाईल. तुमच्या गोलाचं क्षेत्र सुमारे सात चौरस मीटर भरतं. चौरस मीटरला पाव ते अर्धा किलो धरून दोन ते साडेतीन किलो जिप्सम आच्छादनाखाली पसरा. मातीची तपासणी करून घेतली तर नेमकी मात्रा कळेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा खारपाणपट्ट्यावरचा अभ्यास जुना आहे, तिथे विचारता येईल. उन्हाळ्यात कोरड्यात टाकलेलं जिप्सम नुसतं पडून राहतं.

आता डिंक आणि उधई. कडुनिंबाला जखम झाली की डिंक येतो, तो प्रत्येक वेळी रोग नसतो. डिंक कुठून येतो ते पाहा. खिळा, फलकाची तार, लायटिंगची माळ, जनावर बांधायचा दोर काचलेली जागा असेल तर ते काढा. बारीक छिद्र आणि खाली लाकडाचा भुसा असेल तर खोडकिडा आहे. तार घालून अळी मारा आणि छिद्र ओल्या मातीनं बंद करा. साल सुटलेली, काळसर, दाबली तर ओली लागत असेल तर धारदार चाकूनं सुटलेली साल जिवंत कडेपर्यंत काढा, लाकडात खोल जाऊ नका, आणि बोर्डो मलम लावा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या डिंक्यासाठी जो लावतात तोच. एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी पुरतं. मोरचूद अर्ध्या पाण्यात, चुना उरलेल्या अर्ध्यात, दोन्ही वेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवा. लोखंडी भांडं नको. दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून काडीनं ढवळा. चकचकीत घासलेलं विळ्याचं पातं त्यात मिनिटभर बुडवा, त्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी फेकून द्या. बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत पावसाआधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा हाच मलम लावायला हरकत नाही. गेरू-चुन्याचे पट्टे निरुपद्रवी आहेत, ऑइलपेंट मात्र लावू देऊ नका.

ढोलीत सिमेंट भरायचं सुचवणारा कोणी ना कोणी भेटतोच. नको. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. फटीत पाणी साचतं आणि कूज आत वाढत जाते. ढोली उघडी ठेवा, पोपटांना आणि पिंगळ्यांना लागते.

उधई जिवंत लाकूड सहसा खात नाही, मेलेली साल आणि कोरडं लाकूड खाते. ती आली म्हणजे तिथे काहीतरी आधीच मेलंय, एवढंच तिचं सांगणं. मातीचा थर कडक ब्रशनं खरवडा. खालची साल टणक आणि आतून हिरवी असेल तर काळजी सोडा, आठ-आठ दिवसांनी थर पाडत राहा आणि वर बोर्डो मलम लावा. थर पुन्हा त्याच जागी चढला तर तिथली साल मेली आहे का ते तपासा. कीटकनाशक लागलंच तर डब्यावरची मात्रा पाळा. हातपंप किंवा विहीर जवळ असेल तर तेही टाळा.

वाळक्या फांद्या उतरवायला मुहूर्त नको, केव्हाही उतरवा. जिवंत फांद्या मात्र या वर्षी शक्यतो कापूच नका, कारण अन्न तयार करणारी पानं आधीच कमी आहेत. भार कमी करायला कापाव्या लागल्या तरी एकूण पानोऱ्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. कापताना कोयता नव्हे, करवत. कोयत्यानं लाकूड चिरतं. जड फांदी असेल तर तीन कापांत काढतात. पहिला काप खोडापासून फूट-दीड फूट अंतरावर खालून वर, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन इंच पुढे वरून खाली, म्हणजे फांदी साल न ओढता तुटून पडते. मग राहिलेला खुंट. फांदी खोडाला जुळते तिथे सालीची सुरकुतलेली कड असते. त्या कडेच्या अगदी बाहेरून काप घ्या. खोडाला सपाट घासून कापलं तर कड जाते, लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. जखमेला डांबर लावू नका. अमेरिकन वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिला आतून भिंत घालून कोंडून टाकतं, आणि वरच्या लेपानं कूज थांबत नाही. वरून मुंडकं छाटून झाड ठेंगणं करण्याचा सल्लाही ऐकू नका. छाटलेल्या ठिकाणी झुबक्यानं फुटवे येतात, ते सालीलगतच धरलेले असतात आणि चार-पाच वर्षांनी तेच वावधनात मोडतात. विजेच्या तारा दहा फुटांच्या आत असतील तर झाडावर चढू नका, लाइनमनला सांगून लाइन बंद करूनच काम होऊ द्या.

तोडायची वेळ आलीच तर : तुमचं गाव ग्रामपंचायतीत आहे, म्हणून नागरी भागासाठीचा १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा तुम्हाला थेट लागत नाही. दर्यापूर शहरात घर असतं तर आपल्या अंगणातल्या झाडालाही नगरपरिषदेची परवानगी लागली असती, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला तर जास्तच अटी आहेत. गावात साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशा झाडांना १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. कडुनिंबासाठीही रस्त्याच्या जागेत असेल तर ग्रामपंचायतीचं लेखी उत्तर हातात ठेवा, तोंडी होकारावर कुऱ्हाड चालवू नका.

आता शाळेची रोपं. दरवर्षी एवढी मरतात म्हणजे पोरांच्या पाणी घालण्यात कसूर आहे असं नाही. आमचा अंदाज असा की निम्मी रोपं ऑगस्टमध्येच आतून मेलेली असतात, उन्हाळा फक्त ते दाखवतो. काळ्या जमिनीत खोदलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो, त्यात रेती-मुरूम भरला तर आणखीच, कारण भोवतालच्या मातीतून पाणी बाहेर जात नाही. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा मे महिन्यात करून तापू द्या. मशीननं पाडलेल्या गोल खड्ड्याच्या गुळगुळीत भिंती कुदळीनं खरवडा. तीच माती, तिच्या चौथ्या हिश्श्याइतकं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून भरा आणि दाबून आजूबाजूपेक्षा चार बोटं उंच ठेवा, खाली बसतेच. पिशवी पूर्ण काढा. तळाशी गोल गुंडाळलेल्या मुळ्या दिसल्या तर दोन-तीन ठिकाणी उभ्या चिरा, नाहीतर दहा वर्षांनी हीच मुळं झाडाचा गळा आवळतात. रोपाची गर्दन, म्हणजे खोड आणि मुळं जुळतात ती जागा, मातीत गाडू नका.

लावायची वेळ दोन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलैचा मध्य. वनमहोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठेवला तो याचसाठी. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला पाहुण्यांच्या हस्ते लावलेल्या रोपाला मुळं धरायला पावसाळा उरत नाही. फूटभर रोपापेक्षा चार-पाच फुटांचं, बोटाएवढ्या जाडीचं रोप घ्या, आणि पंचवीस लावण्यापेक्षा दहा लावा. शाळेकडे उन्हाळ्यात जेवढं गोडं पाणी आहे तेवढीच झाडं, हा हिशेब आधी करा. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा १५ ते २० लिटर लागतात. दहा रोपांना आठवड्याला तीन-चारशे लिटर. शेजारी फूटभर अंतरावर पाच-सात लिटरचं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरून झाकण ठेवलं तर पाणी बरंच वाचतं. मचूळ पाण्यानं मडक्याची छिद्रं क्षारांनी बुजतात, म्हणून मडक्यात साठवलेलं पावसाचं किंवा नळाचंच पाणी भरा. सुट्टीत पाणी कोण देणार त्याचं नाव एप्रिलमध्येच ठरवा; रोपं मरतात ती उन्हाळी सुट्टीच्या त्या दिवसांत.

खारपाणपट्ट्यात कडुनिंब, करंज, चिंच, बाभूळ, बोर, सिरस, विलायती चिंच टिकतात. जांभूळ पाण्याच्या जवळ चालेल. आंब्याचा हट्ट सोडा. गुलमोहर लवकर वाढतो आणि लवकर मोडतो, वर्गांजवळ नको. कोनोकार्पस आणि सुबाभूळ फुकट मिळाले तरी घेऊ नका. एकाची मुळं पाइपात शिरतात, दुसऱ्याचं बी गावभर होतं. तारांखाली सीताफळ, आपटा, कांचन, कढीपत्ता एवढंच. मोठं होणारं झाड भिंतीपासून वीस-पंचवीस फुटांवर लावा, कारण काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतीजवळचं झाड तिच्यातलं पाणी ओढून आणखी आक्रसवतं. शाळाखोल्यांना तडे गेले की दोष मग झाडाच्या नावावर जातो.

शेळ्यांसाठी काट्या नाहीतर पऱ्हाट्यांचं (कपाशीच्या वाळल्या झाडांचं) कुंपण पुरे. लोखंडी जाळी लावली तर तिसऱ्या वर्षी काढायची आठवण ठेवा. आधाराला दोन काठ्या, जुन्या सायकलच्या ट्यूबनं आठाच्या आकारात सैल बांधून, दोन उन्हाळ्यांनंतर त्याही काढून टाका.

तुमच्या कडुनिंबात या वर्षी फार फरक दिसणार नाही, वरचे एक-दोन शेंडे आणखीही वाळतील. येत्या पाडव्यानंतर दोन-चार फांद्यांना दोरा बांधून तिथल्या नव्या फुटीची लांबी आणि पानाचा आकार मोजून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच फांद्या पुन्हा मोजा. फूट लांबली, पान मोठं झालं, तर मुळं चालू लागली. आकडा घटला, तर नालीच्या बाजूची मुळं पुन्हा उकरून पाहायला हवीत.